कंस भेटत नाहीत

कोणताही त्रिकोण काढणं हे भूमितीतलं सगळ्यात अवघड काम, असं माझे बाबा म्हणायचे. समभुज काय, कोणीही काढतो. काटकोन त्रिकोणाला तर गुण्याची कड लावली की झालं. पण "कोणताही एक त्रिकोण घ्या" असं पुस्तकात लिहिलेलं असतं ना, तो काढायला हात लागतो. दोन बाजू जरा सारख्या दिसल्या की पोरं त्या सारख्या धरून मोकळी होतात. एखादा कोन जरा ताठ झाला की लगेच काटकोनाचा प्रमेय लावतात. म्हणून बाबांचा त्रिकोण नेहमी थोडा डावीकडे कललेला असायचा. ना समद्विभुज, ना काटकोन, कोणाच्याच अध्यात न मध्यात.

बाबा पवनारच्या शाळेत गणित शिकवायचे. घर सिंदी मेघेला. सकाळच्या बसने जायचे, संध्याकाळच्या बसने यायचे आणि चहा झाला की टेबलावर आकृत्या काढत बसायचे. आजूबाजूच्या शाळांच्या प्रश्नपत्रिकांना लागणाऱ्या आकृत्या तेच द्यायचे, ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईत. पुढे मी वर्ध्याच्या बाजारातल्या एका प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर बसायला लागले, तेव्हा त्या प्रश्नपत्रिका माझ्याकडेच यायच्या. मी मजकूर टाइप करायचा, आकृतीसाठी रिकामी चौकट सोडायची, आणि पान प्रिंटरमधून निघालं की त्या चौकटीत बाबांची आकृती डिंकाने चिकटवायची.

चांगली उतरलेली आकृती बाबा कधी फेकत नसत. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात सगळ्या आकृत्या जपून ठेवलेल्या. पुढच्या वर्षी तीच आकृती काढायची, उदाहरणातले आकडे बदलायचे, झालं नवीन उदाहरण. सगळेच मास्तर असं करतात. एकेका आकृतीने दहा-दहा वर्षं नोकरी केलेली. खाली बारीक अक्षरात एक ओळ असायची, "आकृती प्रमाणात नाही." म्हणजे हिला पट्टी लावून मोजू नका, दिलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवा.

माझा विश्वास नव्हता. मी दहावीत बाबांच्याच शाळेत होते. पूर्वपरीक्षेत कोनदुभाजकाचं एक उदाहरण आलं, चार मार्कांचं. सूत्र लावलं, एका बाजूचं उत्तर दहा आलं. इथे शहाण्या मुलीने पुढच्या प्रश्नाकडे जावं की नाही? पण मी पडले खोडसाळ. ताळा करून पाहू म्हणून कंपास उघडला आणि त्याच मापांचा त्रिकोण कच्च्या पानावर काढायला घेतला. पाया काढला, एका टोकावरून एक कंस मारला, दुसऱ्या टोकावरून दुसरा मारला, तर ते एकमेकांना भेटेचनात! तीनदा केलं. शेवटी घाबरून मी उत्तरावर काट मारली आणि पेपर देऊन टाकला. बाबांनी चारपैकी शून्य दिलं.

"सोडवाचं सोडून मोजत कायले बसली?" रात्री जेवताना बाबा म्हणाले. "खाली लिवलं होतं ना, प्रमाणात नाई म्हणून?"

राग तर माझ्या नाकावरच असतो. कंपासचा स्क्रू ढिला आहे, म्हणूनच कंस भेटले नाहीत, हे मी ठरवूनच टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन स्टेशनरीवाल्याच्या काउंटरवर ती कंपासपेटी आपटली. "ढिले कंपास विकता तुम्ही! माझे चार मार्क गेले!" तो बिचारा भला माणूस. चार गिऱ्हाइकांसमोर दुसरा कंपास देऊन मोकळा झाला. कंपास बदलला, पण माझं गणित काही परत आलं नाही. आपल्याला यातलं कळत नाही, हे मनात जे बसलं ते बसलंच. अकरावीला मी गणिताचं नावही घेतलं नाही. पुढे बोरगाव मेघेच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकले तेही टायपिंग येतं म्हणून.

बाबा निवृत्त झाले आणि आयुष्यभराची उदाहरणं गोळा करून त्यांनी दहावीच्या भूमितीचं सरावाचं पुस्तक लिहिलं. आमच्या प्रेसचे मालक, त्यांना सगळे भाऊच म्हणत, ते छापायला तयार झाले. त्यांच्या घरात तीन पिढ्या दुकानदारी, बोलणं सरळ. म्हणाले, "सर, शाळा उघडायच्या आत पुस्तक दुकानात पाहिजे. जुलैमध्ये आलं तं कोनी हात नाई लावत."

दोनशेच्या वर आकृत्या लागणार होत्या, आणि सगळ्या नव्याने, कारण डब्यातल्या जुन्या ट्रेसिंग पिवळ्या पडून चुरमुरल्या होत्या. बाबा म्हणाले, होऊन जाईल. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी विचारलं की एकच उत्तर, "होऊन राह्यलं, होऊन राह्यलं." टेबलावर तर बसलेले दिसायचे. चौकटी मात्र माझ्या रिकाम्याच.

आईने एकदा गाद्या उन्हात टाकल्या आणि मला हाक मारली. बाबांच्या गादीखाली ट्रेसिंग पेपरांचा हा एवढा थर. सगळ्यांवर एकच आकृती, वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका. अकरा वेळा काढलेली. आणि अकराही वेळा रेघ अशी थरथरत गेलेली, जशी चालत्या बसमध्ये काढली असावी.

दुसरं कोणी असतं तर गोडीगुलाबीने विचारलं असतं. मी ते सगळे कागद घेऊन बाबांच्या पुढ्यात टाकले. "हे काय आहे? सांगता येत नाही का? आम्ही काय परके आहोत?"

बाबा उजवा हात डाव्या हाताने धरून बसून राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरनं सांगतलं, वयाचा कंप आहे. जिवाले काई धोका नाई. बारीक कामं सोडा म्हने." आणि कागद गोळा करत, "माह्यं तं सारंच काम बारीक."

भाऊंच्या कानावर घातलं तर ते लगेच म्हणाले, नागपूरहून एक चित्रकार बोलावतो, पंधरा दिवसांत काम फत्ते. बाबांनी ऐकलं आणि मान हलवली. "माह्या पुस्तकात दुसऱ्याचा हात नाई चालत. त्याले काय समजते कोनता त्रिकोण कसा कलला पाहिजे? तसं असन तं पुस्तकच नको." भाऊंनी हात टेकले. मे महिना लागला तरी काही झालं नाही, तर पुस्तक यंदा नाही. आणि बाबांचा चेहरा पाहून मला ठाऊक होतं, यंदा नाही म्हणजे कधीच नाही.

मग मीही हट्टाला पेटले. क्लासात थोडी बेसिक शिकले होते. बेसिक म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम द्यायची एक सोपी भाषा. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ मार, इथे वर्तुळ काढ, असं ओळीओळीने लिहायचं, की तो निमूट काढून दाखवतो. त्याचा हात काही हलत नाही. दुपारी बाजार उन्हाने सुना पडायचा, भाऊ जेवायला घरी जायचे, तेव्हा कूलरसमोर बसून मी प्रोग्रॅम लिहिला. पहिला त्रिकोण छापून निघाला तेव्हा मी अशी मिरवत घरी आले की काही विचारू नका.

बाबांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला. "हा कोनताही त्रिकोन नाई. समद्विभुज आहे."

खरंच होता. मी आकडे सोपे घेतले होते, शून्य, शंभर आणि मधले पन्नास. टोक बरोबर मध्यावर. मला आला राग. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरलाच सांगितलं, तुझ्या मनाला येतील ते आकडे घे. त्याने वीस त्रिकोण काढले. एक पापडासारखा चपटा, एक सुईसारखा उभा, आणि एकाचा कोन एकोणनव्वद अंशांचा, जो पाहून दहावीतलं प्रत्येक पोर काटकोन म्हणून शपथ घेईल. ते पान पाहून बाबा हसले. किती महिन्यांनी हसले! "कोनताही म्हंजे वाट्टेल थो नाई, बेटा."

"मग तुम्हीच सांगा ना कोणता ते!" मी तडकून म्हटलं.

आणि बाबांनी सांगायला सुरुवात केली. उठून उभे राहिले, वर्गात राहायचे तसे. "रेख क्यूआर सात सेंटीमीटर घे. क्यूजवळ एकोनसत्तर अंशांचा कोन काढ. आरजवळ चौपन्नचा. दोन किरन जेथ भेटतीन, तेथ पी." मी तिथेच वहीत लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता मान वर केली. माय वं! हे तर शाळेतल्या रचनेच्या पायऱ्या. एकेक पायरी, एकेक हुकूम, क्रमाने, एकही शब्द जास्त नाही. मी दोन आठवडे डोकं फोडून जे लिहायला पाहत होते, ते हा माणूस तीस वर्षं फळ्याजवळ उभा राहून नुसता बोलत होता.

दुसऱ्या दिवसापासून बाबा दुपारी माझ्याबरोबर प्रेसमध्ये यायला लागले. ते हात पाठीशी बांधून कूलरपासून दारापर्यंत फेऱ्या मारत सांगायचे, मी टाइप करायची. परत परत लागणाऱ्या कामांचे मी वेगळे तुकडे करून ठेवले आणि त्यांना नावं दिली ती बाबांच्याच शब्दांची. कंस, लंब, दुभाजक, स्पर्शिका. अक्षरं इंग्रजी, पण शब्द आपले. बाबांना याची फार गंमत वाटायची. "म्हंजे त्याले मराठी समजते?" मी म्हणायची, "तुमच्या धाकाने समजते."

घोटाळे काय थोडे झाले! पडद्यावर मोजमाप वरून खाली जातं आणि प्रिंटरवर खालून वर, हे मला कुठे ठाऊक? पहिल्या नव्वद आकृत्या एका दमात छापल्या तर सगळेच्या सगळे त्रिकोण डोक्यावर उभे. भाऊंनी पान उलटं धरलं, सरळ धरलं, पुन्हा उलटं धरलं. "सर, हे काय आहे?" बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "त्रिकोन थोच आहे, भाऊ. नुसता झोपेतून उठला." एक वजाबाकी घातली आणि सगळे पायांवर आले.

आकडे आहेतच तर आकृतीही त्याच आकड्यांची काढायची, असं बाबांनी ठरवलं होतं. छोट्या प्रमाणात, पण खरी. म्हणजे ती "प्रमाणात नाही"ची ओळही काढून टाकता आली. "आता पोरायनं खुशाल पट्टी लावावी," ते म्हणाले, आणि ती ओळ पानापानातून पुसताना मला मजा आली.

कंसांच्या तुकड्यात एक अडचण होती. दोन कंस एकमेकांपर्यंत पोचलेच नाहीत, तर हिशोब अडून प्रोग्रॅम बंद पडणार. म्हणून तसं झालं की पडद्यावर एक ओळ यावी, अशी सोय मी केली. कंस भेटत नाहीत. बाबा म्हणाले, "कायले मेहनत घेते? अशी आकृती माह्या पुस्तकात येनारच नाई."

मे अर्धा सरला. दीडशे आकृत्या झाल्या. बाबांची चाल बदलली होती, जेवण वाढलं होतं. अशाच एका दुपारी समरूपतेचं प्रकरण काढलं. बाबा चालता चालता बोलत होते, "त्रिकोन पीक्यूआर. पी कोनाचा दुभाजक पायाले एममध्ये छेदते. पीक्यू पाच, क्यूएम सहा, एमआर बारा. पीआरचं उत्तर दहा येते. तं पाया अठरा घे. क्यूवरून पाचचा कंस, आरवरून दहाचा."

मी बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली. कंस भेटत नाहीत.

"तुह्या मशीनले काय झालं?"

मी आकडे पुन्हा घातले. तेच. प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून तपासला. आधीचं उदाहरण चालवलं, ते चालत होतं. हे चालेना. बाबांनी कागद मागितला, स्वतः काढून पाहायला कंपास घेतला, आणि कंपासचं टोक कागदावर नाचायला लागलं. त्यांनी तो खाली ठेवला. मला म्हणाले, आणि हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही, "पह्यले हात गेला. आता डोकंही चाललं का वं?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी मशीनला शिव्या घातल्या. बाबांनी हात वर करून मला गप्प केलं. डोळे मिटले. ओठ हलत होते.

"पाच अन् दहा?"

"पंधरा."

"अन् पाया?"

"अठरा."

बाबा स्टुलावर बसले. "दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी पाहिजे. आठवीत शिकवलं म्या हे. पंधरा अन् अठरा. कसे भेटतीन कंस? हा त्रिकोनच नाई होत."

संध्याकाळी घरी आल्याबरोबर डबा उघडला. ती आकृती सापडली, सुरेख, डावीकडे कललेली, एक रेघ इकडची तिकडे नाही. तिच्यासोबत दोऱ्याने बांधलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका. सगळ्यात जुनीत क्यूएम चार होता आणि एमआर आठ. पाया बारा, सगळं जागच्या जागी. एका वर्षी बाबांनी नेहमीसारखे आकडे बदलले, चाराचे सहा, आठाचे बारा. उत्तर तेच दहा. आकृती तीच. इतकी देखणी की पुढे कोणाला संशयच आला नाही. ना दुसऱ्या मास्तरांना, ना पोरांना, ना काढणाऱ्याला.

बाबा ती प्रश्नपत्रिका बराच वेळ हातात धरून होते. कागद त्यांच्या हातात हलत होता आणि आज ते तो लपवत नव्हते.

"हे तुह्या पूर्वपरीक्षेत होतं ना?"

"होतं."

"अन् तू कंपास लावून पायलं होतं."

"हाव."

"नाई भेटले कंस."

"नाही भेटले, बाबा."

त्यांनी चष्मा काढला. "एवढ्या पोरायमंदी तूच एकटीनं पायलं बेटा. अन् म्याच तुले शून्य देल्लं."

मी रडले. आई स्वयंपाकघरातून धावत आली इतकी रडले. दुःखाने नव्हे. दहावीपासून छातीवर एक धोंडा होता तो उतरला म्हणून, आणि बाबांचं डोकं शाबूत आहे म्हणून, दोन्ही एकदम. जीव भांड्यात पडला तो असा. आणि मी पाहते तर बाबा हसत होते. मला वाटलं होतं ते खचतील. इतक्या वर्षांच्या पोरांना चुकीचं उदाहरण दिलं, याचं वाईट त्यांना वाटलंच, ते त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. पण मग ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले.

"हा हात धड होता तवा हे चुकलं," ते म्हणाले. "धड असता तं अजून एकदा तशीच सुंदर काढली असती म्या, अन् छापून गेलं असतं. बरं झालं हालला." आणि चष्मा परत घालत, "उद्या बाजारात गेली का त्या स्टेशनरीवाल्याले सांगजो, कंपास चांगला होता म्हनून."

सांगितलं. त्याला काही आठवेना, पण त्याने मला चहा पाजला.

पुस्तक शाळा उघडायच्या चार दिवस आधी दुकानात लागलं. ते उदाहरण आम्ही मुळातल्या चार आणि आठावर परत नेलं, कंस पहिल्या फटक्यात भेटले. शेवटचं पान छपाईच्या प्लेटला जायच्या आदल्या दुपारी बाबा फेऱ्या मारता मारता थांबले. म्हणाले, त्या प्रकरणाच्या शेवटी एक उदाहरण वाढव. मी बोटं ठेवून तयार. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. पीक्यू पाच, क्यूएम सहा, एमआर बारा. अशा मापांचा त्रिकोण काढता येईल का? कारण लिहा.

"आकृती?" मी विचारलं.

"रिकामी चौकट सोड."

"आणि गुण किती लिहू?"

"चार," बाबा म्हणाले. "तुह्येच आहेत."